गाभण वराह माद्यांसाठी हिरवा चारा: विदर्भातील एका एकराचे नियोजन

वराहपालनात दोन तृतीयांशाहून अधिक खर्च खाद्यावर होतो, आणि त्या खर्चातला एक वाटा ज्या माद्या वर्षातले बहुतेक महिने गाभण असतात, त्यांच्यावर पडतो. मका, कोंडा, ढेप या सगळ्यांचे भाव वाढत असताना आपल्या वावराचा एक तुकडा या माद्यांच्या हिरव्या चाऱ्यासाठी राखून ठेवणे हा खर्च आवरण्याचा खात्रीचा मार्ग आहे. मात्र गाय किंवा म्हैस यांच्यासाठी आपण जसा चारा पिकवतो, तसाच तो वराहांसाठी पिकवून चालत नाही. डुकराचे पोट एकच असते, गायीसारखे चार कप्प्यांचे नसते. तंतुमय पदार्थ पचवण्याचे जे काही काम होते, ते त्याच्या मोठ्या आतड्यात होते, आणि तेही चारा कोवळा व पानाळ असेल तरच. म्हणून गाभण मादीसाठी चारा पिकवताना कोणते पीक घ्यावे याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, विचार ते पीक किती दिवसांचे असताना तिच्यापुढे टाकावे याचा करावा लागतो.

पूर्ण वाढलेल्या मादीचे मोठे आतडे वाढत्या पिलाच्या तुलनेत बरेच मोठे आणि सक्षम असते. त्यामुळे हिरव्या चाऱ्याचा लाभ घेण्याची क्षमता कळपात सर्वांत जास्त तिच्याकडेच असते. शिवाय गाभण काळात मादीला मोजूनमापून खाद्य द्यावे लागते, कारण पोटभर भरडा (दळलेले कोरडे मिश्र खाद्य) दिला तर ती लठ्ठ होते, विताना अडचण येते आणि व्यायल्यावर तिची भूक मंदावते. मोजका भरडा खाऊन मात्र तिचे समाधान होत नाही. ती दावण चावते, इतर माद्यांशी भांडते, सतत अस्वस्थ राहते. हिरव्या चाऱ्याने पोट भरल्याची भावना येते, बद्धकोष्ठ होत नाही आणि जीवनसत्त्व अ सहज मिळते. हा लाभ केवळ पैशांत मोजण्यासारखा नाही.

तरीही सुरुवातीलाच एक मर्यादा मनावर ठसवून घ्यावी. हिरव्या चाऱ्यात सुमारे ऐंशी टक्के पाणी असते. पाच किलो लसूणघास (लुसर्न, एक द्विदल चारा पीक) खाल्ला तरी मादीच्या पोटात कोरडा अंश जेमतेम एक किलो जातो, आणि त्यातली ऊर्जा एक किलो मक्यापेक्षा बरीच कमी असते. दीडशे किलो वजनाच्या संकरित मादीला गाभण काळात रोज साधारण दोन किलो संतुलित खाद्य लागते असे धरले, तर चार ते पाच किलो चांगल्या द्विदल चाऱ्याच्या बदल्यात त्यातले अर्धा किलोपर्यंत खाद्य कमी करता येईल, त्याहून जास्त नाही. फक्त चाऱ्यावर गाभण मादी जगवण्याचा प्रयत्न केला तर पिल्ले कमी वजनाची होतात आणि आईच्या अंगावर काहीच उरत नाही.

गाभण काळ आणि पिकाचा काळ जुळवणे

वराह मादीचा गाभण काळ सुमारे 114 दिवसांचा असतो. त्यातला पहिला महिना नाजूक असतो; गर्भ गर्भाशयाला चिकटण्याचा हा काळ असल्याने या दिवसांत माद्यांची जागा बदलणे, अनोळखी माद्या एकत्र सोडणे, उन्हात चालवणे हे सर्व टाळावे. शेवटच्या महिन्यात पिलांची वाढ झपाट्याने होते, गर्भाशय जागा व्यापतो आणि भारंभार चारा मावत नाही. म्हणजे हिरवा चारा खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो साधारण तिसाव्या ते पंच्याऐंशीव्या दिवसापर्यंत. या आठ आठवड्यांत आपल्या वावरात उत्तम चारा उभा असला पाहिजे, असे नियोजन उलट दिशेने, म्हणजे माद्या फळवण्याच्या तारखेपासून करावे.

विदर्भाच्या हवामानाला पुढील वेळापत्रक चांगले बसते. पाऊस स्थिरावल्यावर, 15 जुलैच्या सुमारास माद्या फळवाव्यात. त्यांचा मधला काळ ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत येतो, आणि जूनअखेर पेरलेली चवळी नेमकी तेव्हा कापणीला तयार असते. या माद्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वितात. दीड महिन्याने पिल्ले तोडली की आठवडाभरात माद्या पुन्हा माजावर येतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्या फळवल्या तर दुसरा मधला काळ 24 जानेवारी ते 20 मार्च असा येतो, जो लसूणघासाचा ऐन भराचा हंगाम आहे. हे दुसरे वेत एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात येते आणि तेव्हा गोठा थंड ठेवण्याची तजवीज करावीच लागते. पण त्या बदल्यात मे-जूनच्या जीवघेण्या उन्हात माद्या गाभण नसतात. डुकराला घाम येत नाही, आणि नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागांत पारा 45 अंशांच्या आसपास जातो तेव्हा फळलेल्या मादीचे गर्भ टिकणे अवघड होते. वर्षाला दोन वेत मिळतात आणि उन्हाळ्याशी झुंज टळते, म्हणून हे वेळापत्रक मला इतर कोणत्याही योजनेपेक्षा अधिक पटते.

जागा किती लागेल

दहा माद्यांना रोज प्रत्येकी पाच किलो म्हणजे पन्नास किलो चारा लागेल. छप्पन्न दिवसांना ही गरज 2.8 टन होते. चवळीचे उत्पन्न एकरी दहा ते बारा टन धरले, तर दहा-बारा गुंठ्यांत हे भागते. नासधूस धरून पंधरा गुंठे राखावेत. लसूणघासाची एक कापणी एकरी सव्वातीन ते चार टन देते आणि आठ आठवड्यांत दोन कापण्या मिळतात, त्यामुळे हिशेबाने वीस गुंठे पुरतात. माद्या आत सोडून चारायच्या असतील तर तुडवल्यामुळे नुकसान होते, म्हणून पंचवीस गुंठे घ्यावेत. एकूण एक एकर. ही जागा ओलिताची असली पाहिजे. कोरडवाहू वावरात फक्त चवळीची बाजू जमेल.

जागा निवडताना उतार पाहावा. पश्चिम विदर्भाची भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते, आणि साचलेल्या पाण्यात लसूणघासाची मुळे कुजतात. ज्या तुकड्यात पावसाळ्यात दुसऱ्या दिवशीही पाणी उभे राहते, तो लसूणघासासाठी घेऊच नये. सोयाबीनसाठी आता अनेक गावांत वापरली जाणारी रुंद वरंबा-सरी पद्धत इथेही उपयोगी आहे. वरंब्यावर पीक आणि सरीतून निचरा. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानाच्या पट्ट्यात बांधी उथळ आणि ओलसर असतात. तिथे धान निघाल्यावर पाण्याची सोय असेल तर लसूणघासाऐवजी बरसीम (हेही द्विदल चारा पीकच) घ्यावा, कारण तो ओल सहन करतो. पश्चिमेकडे मात्र मार्चच्या उन्हात बरसीम लवकर आटोपतो, म्हणून तिथे त्याचा आग्रह धरू नये.

लसूणघासाची पेरणी

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आर. एल. 88 हा वाण बहुवर्षीय आहे आणि नीट सांभाळला तर तीन वर्षे टिकतो. पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करावी. बी अतिशय बारीक असते, त्यामुळे ढेकळे राहिलेल्या जमिनीत ते खोल जाऊन मरते. दोन-तीन वेळा वखरून, फळी फिरवून जमीन पिठासारखी भुसभुशीत करावी. एकरी चार टन पूर्ण कुजलेले शेणखत आणि दोनशे किलो सिंगल सुपर फॉस्फेट शेवटच्या वखरणीत मिसळावे. द्विदल पीक स्वतः हवेतील नत्र घेते, पण स्फुरदाची उणीव ते भरून काढू शकत नाही, म्हणून युरियापेक्षा या खताकडे लक्ष द्यावे. वराहांचे ताजे शेण मात्र या तुकड्यात कधीही टाकू नये. त्यातली जंतांची अंडी परत त्याच माद्यांच्या तोंडी जातात.

एकरी दहा किलो बी लागते. बी घेताना ते अमरवेलमुक्त असल्याची खात्री करावी, कारण अमरवेल एकदा शिरली की पिवळ्या दोऱ्यांचे जाळे सगळ्या तुकड्यात पसरते. दिसेल तो भाग पिकासह उपटून जाळावा. दर किलो बियाण्याला पंचवीस ग्रॅम रायझोबियम (मुळांत हवेतील नत्र स्थिर करणारे) जिवाणूसंवर्धन चोळून, सावलीत सुकवून, एक फूट अंतरावरील ओळींत जेमतेम दीड सेंटिमीटर खोलीवर पेरावे. पेरल्यावर लगेच आणि चौथ्या दिवशी हलके पाणी, नंतर थंडीत दहा-बारा दिवसांनी आणि उन्हाळ्यात आठवड्याला एक पाणी द्यावे. पहिला महिना तणांचा असतो. या काळात दोन निंदण चुकवू नयेत, पुढे पीकच जमीन झाकून टाकते.

पहिली कापणी पन्नास ते पंचावन्न दिवसांनी येते. गायीसाठी थोडी फुले दिसू लागल्यावर कापण्याची पद्धत आहे. गाभण वराह मादीसाठी त्याआधी, कळ्या धरताच कापावे, कारण फूल आले की देठ लाकडासारखा होतो आणि मादी पाने खाऊन देठ तुडवते. परंतु प्रत्येक वेळी इतक्या कोवळ्या अवस्थेत कापल्यास मुळांत साठा होत नाही आणि पीक विरळ होत जाते, म्हणून वर्षातून एक-दोन कापण्या पूर्ण फुलोऱ्यापर्यंत थांबवून त्या गुरांना द्याव्यात किंवा वाळवाव्यात. विळा जमिनीपासून चार बोटे वर चालवावा.

पावसाळ्यातली चवळी, आणि बरोबरचा मका

चवळी हे विदर्भातल्या पावसाळ्यासाठी सर्वांत भरवशाचे पीक आहे. चाऱ्याच्या वाणाचे एकरी सोळा किलो बी तिफणीने एक फुटावर पेरावे. सगळे पंधरा गुंठे एकाच दिवशी पेरू नयेत. पाच-पाच गुंठ्यांचे तीन भाग करून पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरले तर रोज योग्य वयाचा चारा मिळतो. फुलोरा सुरू होताच, म्हणजे पेरणीनंतर पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी कापणी करावी. दोन ओळी मका आणि एक ओळ चवळी अशी मिश्र पेरणी अनेकजण करतात. त्यात वजन जास्त मिळते, पण वराहांसाठी मका पन्नास दिवसांच्या आतच कापावा लागतो. त्यापुढचा मका गुरांच्या गव्हाणीतच शोभतो.

संकरित नेपियर (उंच वाढणारे चारा गवत), ज्याला आपल्याकडे गजराज म्हणतात, तो बांधावर लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. गाभण माद्यांच्या बाबतीत माझा त्यावर भर नाही. तीस दिवसांच्या आत कापून बारीक कुट्टी केली तरच तो थोडा खाल्ला जातो, त्यात अंगाला चुना लागू न देणारे ऑक्झलेटही असते, आणि प्रथिने कमी. रताळ्याचे वेल मात्र कोणत्याही कोपऱ्यात लावावेत. माद्या ते आवडीने खातात आणि कंदही उपयोगी येतात.

माद्या आत सोडणे

पावसाळ्यात काळ्या जमिनीवर माद्या चारायला सोडू नयेत. ओल्या जमिनीत त्या नाकाने खणतात, खुरांनी माती घट्ट होते आणि ते वावर पुढच्या हंगामात नांगराला दाद देत नाही. शिवाय ओलसर जागी उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस गाभण माद्यांना गाभाडवतो. म्हणून चवळी कापूनच आणून द्यावी. जानेवारीपासून, जमीन वाळलेली असताना, लसूणघासात चारणे योग्य. पहिल्या वर्षी दुसरी कापणी होईपर्यंत मुळे पक्की झालेली नसतात, तोवर थांबावे.

पंचवीस गुंठ्यांचे पाच तुकडे करावेत आणि दहा माद्या एका तुकड्यात पाच-सहा दिवस ठेवाव्यात. अशाने पहिल्या तुकड्याकडे परत यायला महिन्याच्या आसपास लागतो, तेवढ्यात पीक पुन्हा वाढते. सकाळी अर्धा भरडा खाऊ घालून मगच दोन-तीन तास आत सोडावे, कारण उपाशी मादी खणते आणि पोट थोडे भरलेली मादी चरते. नाकात कडी घालण्याची जुनी रीत आहे. पण तुकडा वेळेवर बदलला, तर तिची गरज क्वचितच पडते आणि मादीला ती वेदना का द्यावी, हा प्रश्न उरतोच. पीक चार बोटांवर आले की तुकडा बदलावा, मग तिसरा दिवस असो की सहावा. फेब्रुवारीच्या अखेरीपासून उन्हे चढतात, तेव्हा सकाळी नऊच्या आत माद्या सावलीत परत याव्यात. पांढऱ्या कातडीच्या यॉर्कशायर माद्यांची कातडी उन्हाने भाजते, म्हणून त्यांना चिखलाचा डबरा किंवा पाण्याचा फवारा हवाच. पिण्याच्या पाण्यासाठी प्रत्येकी पंधरा-वीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून अधिक, धरून चालावे.

कुंपणाबाबत एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. विदर्भात रानडुकरांचा उपद्रव आहे, आणि ती चारा खाण्याबरोबर रोगही आणतात. आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग भारतात 2020 मध्ये पहिल्यांदा आढळला आणि त्यावर आपल्याकडे लस उपलब्ध नाही. रानडुकरे तो पसरवू शकतात. सौर झटका मशीनची (जीव न घेता हलका झटका देणाऱ्या कुंपणाची) तार जमिनीपासून एक फुटावर आणि दुसरी दोन फुटांवर लावावी. तारेत थेट वीजप्रवाह सोडणे गुन्हा आहे आणि त्यात माणसे मेली आहेत, तो मार्ग कोणी धरू नये.

चारा देण्याची रीत

नवा चारा एकदम पूर्ण मात्रेत देऊ नये. पहिल्या दिवशी अर्धा किलोपासून सुरुवात करून आठ-दहा दिवसांत पाच किलोपर्यंत न्यावे. चारा एक इंचाच्या आसपास कापावा, म्हणजे देठ वाया जात नाहीत. भरडा सकाळी प्रत्येक मादीला वेगळा आणि चारा दुपारनंतर एकत्र, असा क्रम ठेवला तर दुबळ्या मादीचा वाटा दांडगी मादी खात नाही.

कापलेला चारा ढीग करून रात्रभर ठेवू नये, ही सूचना अतिशय महत्त्वाची आहे. युरिया दिलेल्या किंवा ढगाळ हवेत वाढलेल्या कोवळ्या चाऱ्यात नायट्रेट साचलेले असते. ढीग आतून तापला की त्याचे नायट्राइट होते, आणि त्याच्या विषाला डुकरे इतर जनावरांपेक्षा लवकर बळी पडतात. चारा पातळ पसरून सावलीत ठेवावा आणि त्याच दिवशी संपवावा.

लसूणघासात चुना भरपूर असतो पण स्फुरद कमी, म्हणून भरड्यात खनिज मिश्रण आणि थोडे मीठ नेहमी असावे. मादीच्या कमरेचे हाड हाताने दाबून पाहावे: हलक्या दाबाने हाड लागले तर शरीर योग्य आहे, डोळ्यांनी दिसत असेल तर भरडा वाढवावा, जोराने दाबूनही लागत नसेल तर कमी करावा. पंच्याऐंशीव्या दिवसानंतर चारा हळूहळू दोन किलोवर आणून भरडा अडीच किलोपर्यंत न्यावा. विण्याआधीचे तीन-चार दिवस भरड्यात गव्हाचा कोंडा मिसळून खाद्य हलके ठेवावे.

जे देऊच नये

विदर्भात सरकीची ढेप स्वस्त आणि हाताशी असते, त्यामुळे हा मोह सर्वांत मोठा. तिच्यातील गॉसिपॉल डुकरांच्या हृदयाला व यकृताला घातक ठरते, म्हणून गाभण मादीच्या खाद्यात ती नसावी. सोयाबीन किंवा भुईमुगाची ढेप घ्यावी. कापसाच्या वावरात, पऱ्हाटी उभी असताना, फवारणी झालेल्या धुऱ्यावरचे गवतही आणू नये. ज्वारीचे कोवळे कडवळ आणि कापणीनंतरचे फुटवे यांत हायड्रोसायनिक आम्ल असते. पन्नास दिवसांच्या आतली किंवा पाण्याच्या ताणात सुकलेली ज्वारी विषारी समजावी. सुबाभळीच्या पाल्यातील मिमोसिनमुळे गर्भावर वाईट परिणाम होतो. धानाच्या पट्ट्यात उतेरा पद्धतीने (उभ्या धानात बी फेकून) घेतलेली लाखोळी डाळ मज्जासंस्थेला अपायकारक आहे. आणि बुरशी धरलेला मका, मग तो पाहायला कितीही किरकोळ वाटो, टाकून द्यावा. त्यावरील झिअरॅलेनोन या विषामुळे मादी गाभण असूनही माजाची लक्षणे दाखवते, गर्भ राहत नाही किंवा गळतो.

उन्हाळ्यासाठी फेब्रुवारी-मार्चमधील एक-दोन कापण्या वाळवून ठेवाव्यात. पाने गळू नयेत म्हणून चारा सकाळच्या दवातच उलटावा, सावलीत पूर्ण वाळवून पोत्यांत भरावा आणि मे-जूनमध्ये रिकाम्या माद्यांना भरड्यातून द्यावा. अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतीचा हौद मे महिन्यात हिरव्या जाळीखाली ठेवला तरच टिकतो, आणि त्यात पाण्याचाच अंश फार असल्याने मादीमागे एक-दीड किलोपेक्षा त्याची अपेक्षा धरू नये. शेवग्याची पाने त्याहून अधिक भरवशाची आहेत. चार झाडे विहिरीजवळ लावली तर उन्हाळाभर पाला मिळतो.

जंतांकडे दुर्लक्ष झाले तर या सगळ्या मेहनतीचे फळ कृमी खातात. चारायला सोडण्याआधी आणि पुन्हा विण्याच्या दोन आठवडे आधी, पशुवैद्यकांनी गाभण मादीसाठी सांगितलेलेच जंतनाशक द्यावे. मग मादीला साबणाच्या पाण्याने धुऊन, सोयाबीनचे कोरडे कुटार अंथरलेल्या स्वच्छ विण्याच्या कप्प्यात हलवावे. गोल जंतांची अंडी जमिनीत काही वर्षे तग धरतात, म्हणून चवळीच्या पंधरा गुंठ्यांची दरवर्षी एप्रिलमध्ये खोल नांगरट करून जमीन मेअखेरपर्यंत उन्हात तापू द्यावी, आणि लसूणघासाचा तुकडा तीन वर्षांनी मोडला की तिथे किमान एक हंगाम तूर किंवा सोयाबीन घेऊन मगच पुन्हा चाऱ्याकडे वळावे.